रुखाळूचं शास्त्रीय वर्णन आणि वर्गीकरण: झाडावरच्या नोंदींपासून हर्बेरियम शीटपर्यंत

प्रॅक्टिकलच्या वह्यांमध्ये सर्वात जास्त लाल शाई रुखाळूच्या, म्हणजे झाडावर वाढणाऱ्या अळूसारख्या वनस्पतीच्या, वर्णनावर खर्च होते. वनस्पती अवघड आहे म्हणून नव्हे. क्रम उलटा होतो म्हणून. आधी कोणीतरी नाव सांगतं, मग फ्लोरा, म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींचा वर्णनग्रंथ, उघडून त्यातलं वर्णन वहीत उतरवलं जातं आणि शेवटी समोरच्या नमुन्याकडे एक नजर टाकली जाते. परिणामी नमुन्याला फुलोरा नसतो आणि वर्णनात मात्र पिवळाधम्मक महाछद, म्हणजे फुलोऱ्याला वेढणारं मोठं पान, असतो.

नागपूरच्या विद्यार्थ्यांची अडचण थोडी वेगळीही आहे. आपल्याकडे डोळ्यांना सवय धोप्याची, म्हणजे बाकी महाराष्ट्र ज्याला अळू म्हणतो त्याची. रुखाळू भेटतो तो सह्याद्रीच्या सहलीत, तेही गाडी सुटायची वेळ झालेली असताना. त्यामुळे खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. टप्पा ४ संपेपर्यंत वहीत वनस्पतीचं नाव लिहू नका. फक्त नमुना क्रमांक लिहा.

टप्पा १: निघण्यापूर्वीची तयारी

परवानगीचा विषय आधी मिटवा. अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात किंवा राखीव जंगलात वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही तोडायचं नाही. 'अभ्यासासाठी एकच पान घेतलं' हे कारण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ पुढे चालत नाही. परवानगी नसेल तर खाजगी बागेतल्या आंब्या-फणसावरचा रुखाळू मालकाला विचारून घ्या. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात वडीसाठी त्याची पानं काढतात, त्यामुळे दाखवणारा माणूस मिळतोच.

बॅगेत हे असू द्या: दहापट भिंग, मोजपट्टी, पेन्सिल, सुतळीची लेबलं, रुंद तोंडाची घट्ट झाकणाची प्लास्टिक बरणी, जुनी वर्तमानपत्रं, जाड पिशव्या, रबरी हातमोजे. फुलोरा जपून ठेवण्यासाठी एफएए द्रावण महाविद्यालयातच तयार करून न्या: ७० टक्के अल्कोहोल ९० मि.लि., ग्लेशियल अॅसेटिक आम्ल ५ मि.लि., फॉर्मालिन ५ मि.लि. हे द्रावण विषारी असतं आणि पेटतंही. रेल्वेच्या डब्यात ते नेऊ देत नाहीत, म्हणून महाविद्यालयाच्या बसने जात असाल तरच घ्या. रेल्वेने जाणाऱ्यांनी फुलोऱ्याचं वर्णन आणि छायाचित्रं मुक्कामाच्या जागीच उरकावीत.

सावधान: हातमोजे शोभेसाठी नाहीत. सूरण कुलातल्या (अॅरेसी) बहुतेक वनस्पतींप्रमाणे रुखाळूतही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कंद कापलेला हात डोळ्याला लागला तर पुढचा अर्धा दिवस वाया जातो. चव घेऊन पाहणं तर अजिबात नको. वडी करणारी बाई चिंच किंवा कोकम घालून पान नीट शिजवते. तुम्ही कच्चा कंद चाखणार असता.

टप्पा २: झाडावर असतानाच करायच्या नोंदी

नमुना फांदीवरून सुटला की निम्मी माहिती तिथेच राहते. म्हणून हात लावण्याआधी लिहा:

१. आश्रयवृक्ष कोणता? 'झाडावर' ही नोंद निरुपयोगी आहे. आंबा, फणस, जांभूळ, जे असेल ते लिहा. ओळखत नसाल तर त्याचंही पान गोळा करा.

२. जमिनीपासूनची उंची आणि नेमकी जागा: बुंध्यावर, फांद्यांच्या बेचक्यात, की आडव्या फांदीवर.

३. मुळं कशात आहेत? शेवाळ, बेचक्यात साठलेला पालापाचोळा, सालीची भेग, की दगडावरचा मातीचा पातळ थर.

४. ठिकाण, तालुका, जिल्हा, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख. मोबाईलचं जीपीएस चालेल, पण आकडे लगेच कागदावर उतरवा.

५. रंग. वाळल्यावर रंग उरत नाही, त्यामुळे देठ, पानाची पाठ, महाछद आणि कंदाची साल यांचे रंग जागेवरच नोंदवायचे.

रुखाळू दर वेळी झाडावरच असेल असं नाही. तो ओल्या कातळावर आणि कधी जमिनीवरही वाढतो. नमुना कातळावर मिळाला तर 'कातळावर' असंच लिहा. ग्रंथात अपिवनस्पती, म्हणजे दुसऱ्या झाडाचा फक्त आधार घेऊन वाढणारी वनस्पती, म्हटलंय म्हणून त्याला झाडावर चढवू नका.

इथली सर्वात जुनी चूक म्हणजे 'परजीवी' असं लिहिणं. नागपूरकडे आंब्यावर, मोहावर बांडगूळ दिसतं आणि झाडावर वाढणारं सगळंच बांडगुळासारखं वाटू लागतं. बांडगूळ आपली चूषकं यजमानाच्या ऊतींमध्ये घुसवून पाणी आणि खनिजं ओढतं. रुखाळू फांदीचा फक्त आधार घेतो. त्याची मुळं सालीवरच्या कुजलेल्या पाल्यात राहतात. आपल्या भागातलं उदाहरण हवं असेल तर जुन्या झाडांवरचं वांडा टेसेलॅटा हे ऑर्किड पाहा, तेही अपिवनस्पतीच.

तपासा: मुळं बोटाने हलकेच उचलून बघा. सालीत न शिरता अख्खी सुटून आली, तर 'अपिवनस्पती' हा शब्द तुम्ही पाहून लिहिताय.

टप्पा ३: नमुना नागपूरपर्यंत आणणं

एका वस्तीतून एक संपूर्ण झाड पुरेसं आहे: कंद, मुळं, पान, आणि असतील तर कंदिकांच्या, म्हणजे नवं रोप देणाऱ्या बारीक कंदांच्या, काड्या. उरलेली तिथेच राहू द्या.

महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूरहून नागपूर हा प्रवास एका दिवसापेक्षा जास्त चालतो आणि पान तेवढ्यात मान टाकतं. पान ओल्या वर्तमानपत्रात सैल गुंडाळून हवा भरलेल्या पिशवीत ठेवा. कंद मात्र कोरड्या कागदात, वेगळा ठेवा. ओल्या पिशवीत बंद केलेला कंद कुजून येतो, आणि तो वास डब्यातले सहप्रवासी विसरत नाहीत.

कंदिकांच्या काड्या कागदी पाकिटात घाला. त्यांच्या खवल्यांची टोकं आकड्यासारखी वळलेली असतात. प्राण्यांच्या केसांना, पक्ष्यांच्या पिसांना अडकून पसरण्यासाठीची ती सोय. तुमच्या स्वेटरलाही त्या तितक्याच आवडीने चिकटतात, आणि घरी पोचल्यावर पाकिटात रिकामी काडी उरते.

टप्पा ४: ताज्या नमुन्याचं वर्णन

हा लेखातला मुख्य टप्पा. वर्णन खालून वर करायचं: कंद, काड्या, देठ, पाते, फुलोरा. प्रत्येक अवयवाला स्थान, आकार, माप, पृष्ठभाग आणि रंग या पाच गोष्टी याच क्रमाने लिहा. माप नेहमी किमान आणि कमाल असं द्या, सरासरी नको. नमुना एकच असेल तर एकच आकडा लिहा. एका पानावरून '१० ते ४० सें.मी.' कोणालाच मोजता येत नाही.

*कंद.* रुखाळूचा भूमिगत भाग, खरं तर इथे 'फांदीगत' म्हणायला हवं, तो ग्रंथिक्षोड, म्हणजे फुगलेल्या खोडाच्या, प्रकारचा असतो. वह्यांमध्ये त्याला सर्रास 'बल्ब' लिहिलेलं असतं. उभा छेद घ्या. कांद्यासारखे पापुद्रे दिसले तर बल्ब. आतून सलग पिठूळ गर दिसला तर तो बल्ब नाही. आकार गोलसर किंवा वरून किंचित दबलेला, व्यास बहुधा २ ते ४ सें.मी., साल तांबूस ते जांभळट. मुळं कुठून फुटली आहेत तेही आकृतीत दाखवा.

*कंदिकांच्या काड्या.* रुखाळूची ओळख पटते ती इथेच, आणि वह्यांमध्ये नेमका हाच भाग दोन ओळींत गुंडाळलेला असतो. कंदातून पानाखेरीज काही ताठ, सरळ काड्या वर येतात. त्यांना स्टोलॉन म्हणतात, पण नाव ऐकून त्या जमिनीवर सरपटणाऱ्या असतील असं समजू नका. काडी साधी आहे की फाटे फुटलेली, हे आधी पाहा. रुखाळूत ती सहसा फाटे न फुटलेली असते. तिच्यावरच्या खवल्यांच्या बगलेत कंदिकांचे घोस असतात. एक कंदिका चिमट्याने काढून भिंगाखाली ठेवा, खवल्याचं टोक आकड्यासारखं वळलेलं आहे का ते बघा आणि आकृती काढा. मोबाईलचा फोटो आकृतीची जागा घेत नाही, कारण काय महत्त्वाचं आणि काय नाही हे फोटो ठरवत नाही.

काड्यांना पान समजणं, त्यांना सुकलेला फुलोरा समजणं आणि कंदिकांना 'बिया' किंवा 'फळं' लिहिणं या तिन्ही चुका दरवर्षी होतात. कंदिका म्हणजे अलैंगिक प्रजननाचं साधन. तिच्यात भ्रूण नाही, बीजावरण नाही. तिच्यातून उगवणारं रोप मूळ झाडाचीच प्रत असतं.

*पान.* बहुधा एकच असतं. देठाची लांबी मोजा आणि तळाशी आवरक भाग कुठवर आहे ते लिहा. पाते हृदयाकृती-अंडाकृती, टोक निमुळतं. देठ पात्याच्या कडेला नसून पाठीवर, आतल्या बाजूला जोडलेला असतो, म्हणजे पान छत्राकृती असतं. देठ जिथे जोडला आहे तिथपासून वरच्या खाचेपर्यंतचं अंतर मोजून लिहा. ही मोजणी बहुतेक जण विसरतात. शिरा पाहताना पान उजेडासमोर धरा. मुख्य बाजूच्या शिरांच्या मधोमध बारीक शिरा एकत्र येऊन नागमोडी रेघ बनवतात, आणि कडेला समांतर जाणारी शीर दिसते. 'जाळीदार शिराविन्यास' एवढंच लिहून थांबू नका. एकदलिकित (मोनोकॉट) पानात जाळी कशी, असा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो.

*फुलोरा.* मिळाला तर नशीब समजा. रुखाळूला फुलोरा क्वचित येतो आणि आला तर बऱ्याचदा पान उमलण्याच्या आधी. महाछदाचे दोन भाग वेगवेगळे वर्णन करा: खालची हिरवी गुंडाळलेली नळी आणि वरचं पिवळं, मागे उलटलेलं पाते. मग महाछद उभा चिरून स्थूलकणिश, म्हणजे आतला फुलांनी भरलेला जाड दांडा, उघडं करा. खाली स्त्रीपुष्पांचा पट्टा, मध्ये वंध्य पुष्पांचा अरुंद भाग, वर पुंपुष्पांचा फुगीर भाग. प्रत्येक पट्ट्याची लांबी मिलिमीटरमध्ये घ्या. शेवटी टोक बघा: पुंपुष्पं थेट टोकापर्यंत जातात, की वर नुसता उघडा, वंध्य शेंडा आहे? टप्पा ५ मध्ये याच उत्तराची गरज पडणार आहे.

फुलं एकलिंगी आणि परिदलहीन, म्हणजे पाकळ्यांसारखे भाग नसलेली, आहेत. त्यामुळे पुष्पसूत्रात निदलपुंज आणि दलपुंज लिहिण्याचा प्रश्नच येत नाही. परिदल शून्य लिहा, आणि पुंपुष्प व स्त्रीपुष्प यांची सूत्रं स्वतंत्र द्या. पुंकेसर एकमेकांना जुळून एक गठ्ठा बनवतात, म्हणून आधी गठ्ठा आणि मग त्यातले परागकोश मोजा. किंजपुटाचा (स्त्रीपुष्पाच्या अंडाशयाचा) आडवा छेद घेऊन बीजकविन्यास, म्हणजे आतल्या बीजकांची मांडणी, बघा. बीजकं भिंतीला लागलेली, म्हणजे तटलग्न, दिसायला हवीत. छेद फार खाली गेला तर ती तळाशी असल्याचा भास होतो, म्हणून वेगवेगळ्या उंचीवरचे छेद पाहा.

तपासा: वर्णनात असा एकही शब्द राहिला आहे का, जो तुम्ही नमुन्यावर बोट ठेवून दाखवू शकत नाही? तो खोडा. फुलोरा नसेल तर 'फुलोरा आढळला नाही' असं लिहा. त्याचे गुण जात नाहीत. खोट्या फुलोऱ्याचे जातात.

फुलोरा नव्हता, पण कंद आहे

कंद नागपुरात वाढवून पाहता येतो. कुंडीत काळी माती घालू नका. वऱ्हाड-नागपूरची चिकण काळी माती पाणी धरते आणि अपिवनस्पतीचा कंद तिच्यात सडतो. नारळाचा काथ्या, झाडाच्या सालीचे तुकडे आणि थोडं पानखत एवढंच माध्यम घ्या, कंद निम्मा उघडा राहील असा बसवा. पान पिवळं पडून गळू लागलं की पाणी तोडा आणि कंद हिवाळाभर कोरडा, सावलीत ठेवा. उन्हाळा संपता संपता पुन्हा ओलावा द्यायला सुरुवात करा. मेमध्ये इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे कुंडी हिरव्या जाळीखाली आणि भिंतीच्या आडोशाला हवी. कूलरच्या मागे पाणी ठिबकतं तिथली जागा लोकांना मोहवते, पण कूलर रात्रंदिवस चालतो आणि तिथे ओल कधीच सुटत नाही. गळलेली कंदिका कुंडीबाहेर पडू देऊ नका.

टप्पा ५: सारख्या दिसणाऱ्यांशी पडताळणी

आता, आणि आताच, ओळखसूची उघडा. पान छत्राकृती आहे म्हणून 'रुखाळूच' असा निष्कर्ष काढणारे पहिल्याच पायरीला घसरतात, कारण धोपाही छत्राकृती असतो.

धोपा, म्हणजे कोलोकेशिया एस्क्युलेंटा, नागपुरात कॉटन मार्केटमध्ये विकत मिळतो आणि नाग नदीच्या काठाने रानटीही वाढतो. तुलनेसाठी एक झाड आणून शेजारी ठेवाच. त्याच्या स्थूलकणिशाच्या टोकाला वंध्य शेंडा असतो, रुखाळूला नसतो. धोप्यालाही धावत्या शाखा फुटतात, पण त्यांवर आकडेदार खवल्यांच्या कंदिकांचे घोस नसतात. या दोन लक्षणांवर उभं राहा. पानाचा आकार, रंग, 'खाज येते' वगैरे सोडून द्या.

हत्तीकान, म्हणजे अॅलोकेशिया, बागांमध्ये लावलेला असतो. त्यात बीजकं किंजपुटाच्या तळाशी असतात आणि स्थूलकणिशाला शेंडा असतो. कॅलेडियम शोभेचं, मूळ अमेरिकेतलं. त्यालाही कंदिकांच्या काड्या नाहीत.

खरा धोका अॅरिऑप्सिस पेल्टाटाचा. तोही सह्याद्रीतला, तोही कंदवाला, पान छत्राकृती, वाढतो कातळावर आणि झाडांच्या बुंध्यावर. सहलीच्या घाईत रुखाळूचं पिल्लू म्हणून हाच पिशवीत येतो. त्याचा महाछद छोटा, होडीसारखा आणि जांभळट असतो, पिवळा उलटलेला नाही. आणि कंदिकांच्या ताठ काड्या त्याला येत नाहीत. फुलोरा आणि काड्या दोन्ही नसलेलं छोटं रोप हाती असेल तर प्रजातीपर्यंत जाऊ नका, 'अॅरेसी, अनिश्चित' लिहून थांबा.

जातीच्या पातळीवर आणखी एक गाळणी लागते. रुखाळूच्या रेमुसाशिया प्रजातीत मोजक्याच जाती आहेत: व्हिव्हिपॅरा, हूकेरियाना, पुमिला आणि युनानेन्सिस. काडी साधी की फाटे फुटलेली, ही टप्पा ४ मधली नोंद इथे कामी येते.

टप्पा ६: वर्गीकरण मांडणं आणि नाव लिहिणं

दोन पद्धती एकाच तक्त्यात मिसळू नका. अभ्यासक्रमात बेंथॅम आणि हूकर यांची जुनी पद्धत मागितली असेल तर मांडणी अशी:

वर्ग: मोनोकॉटिलेडन्स
श्रेणी: न्यूडिफ्लोरी
कुल: अॅरॉइडी
प्रजाती: रेमुसाशिया
जाती: व्हिव्हिपॅरा

एपीजी ४, म्हणजे अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुपची २०१६ ची पद्धत, मागितली असेल तर:

गण: अॅलिस्मॅटेल्स
कुल: अॅरेसी
उपकुल: अॅरॉइडी
जमात: कोलोकेसिई
प्रजाती: रेमुसाशिया
जाती: व्हिव्हिपॅरा

'अॅरॉइडी' दोन्हीकडे आहे, पण पहिल्या पद्धतीत ते कुल आहे आणि दुसरीत उपकुल. या एका शब्दावर दरवर्षी अर्धा वर्ग अडखळतो. तसंच पाण्यावर तरंगणारी टिकली, लेम्ना, बेंथॅम-हूकरमध्ये वेगळ्या कुलात आहे आणि एपीजीमध्ये अॅरेसीतच. विचारलं नसेल तर तिचा उल्लेख टाळा.

प्रत्येक पायरीसमोर तुमच्या नमुन्यातलं निदान एक लक्षण लिहा. 'न्यूडिफ्लोरी: परिदल नाही', 'अॅरेसी: महाछदाने वेढलेलं स्थूलकणिश' अशा धर्तीवर. फुलोरा मिळाला नसेल तर त्या लक्षणापुढे 'ग्रंथाधारे' लिहा.

पूर्ण नाव: रेमुसाशिया व्हिव्हिपॅरा (रॉक्स.) शॉट. शीटवर ते रोमन लिपीत लिहायचं. प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान, दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ, आणि लेखकांच्या, म्हणजे नाव देणाऱ्या शास्त्रज्ञांच्या, नावांखाली रेघ नाही. कंसातला रॉक्सबर्ग गाळू नका. त्याने ही जाती अॅरममध्ये ठेवली होती, शॉटने १८३२ मध्ये ती रेमुसाशियात आणली. कंस एवढंच सांगतो. अॅरम नपुंसकलिंगी असल्याने तिथे 'व्हिव्हिपॅरम' होतं, रेमुसाशिया स्त्रीलिंगी म्हणून 'व्हिव्हिपॅरा'. समानार्थी नावांच्या यादीत तरी शेवट बदलून टाकू नका.

टप्पा ७: हर्बेरियम शीट

सूरण कुलातली झाडं प्रेसमध्येही, म्हणजे नमुने दाबून वाळवायच्या चौकटीतही, जिवंत राहतात. न मारता दाबलेला कंद टिपकागदात कोंब काढतो, ही अतिशयोक्ती नाही. म्हणून:

१. कंद उभा अर्धा कापा आणि मागून गर कोरून पातळ करा.

२. कंद आणि कंदिका काही क्षण उकळत्या पाण्यात बुडवा, पुसून घ्या. पान आणि फुलोरा बुडवायचा नाही.

३. पान शीटपेक्षा मोठं असेल तर दुमडा, कापू नका. दुमड अशी घ्या की पाठही दिसेल आणि देठाचा जोड झाकला जाणार नाही.

४. पहिले काही दिवस टिपकागद रोज बदला. नागपुरात जुलै-ऑगस्टमध्ये ऊन भरवशाचं नसतं. प्रेस विजेचा बल्ब लावलेल्या लाकडी पेटीवर ठेवा. इस्त्री फिरवण्याचा मोह आवरा, शिरा जळून काळ्या पडतात.

५. वाळलेला नमुना प्लास्टिकमध्ये बंद करून उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. जुन्या पुस्तकांतलं कीडनाशक मर्क्युरिक क्लोराइड विद्यार्थ्यांनी हाताळू नये.

६. ४२ × २८ सें.मी.च्या शीटवर लावा. सुट्या कंदिका कागदी पाकिटात घालून पाकीट शीटला चिकटवा.

लेबल उजव्या खालच्या कोपऱ्यात. टप्पा २ मधल्या सगळ्या नोंदी त्यावर यायला हव्यात: आश्रयवृक्ष, उंची, माध्यम, रंग. 'गोळा केले' आणि 'ओळखले' या दोन वेगळ्या ओळी आहेत. दोन्हींपुढे नाव आणि तारीख हवी. शंका उरली असेल तर 'ओळखले' ही ओळ पेन्सिलने भरा आणि शीट पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या हर्बेरियममधल्या नमुन्यांशी जुळवायला घेऊन जा. जाताना वर्णनाची वही सोबत ठेवा, कारण तिथे पहिला प्रश्न नावाचा नसतो, काड्यांना फाटे होते का, हा असतो.